होल्रॉइडांचा मूळपुरुष

यॉर्कशरच्या त्या खोऱ्यात दर तिसरा माणूस होल्रॉइड होता, त्यामुळे आडनावाचा कुणालाच उपयोग नव्हता. माणसं बाप-आजाच्या नावानं ओळखली जात. निवृत्त विणकर एर्नेस्टला तर जन्मभर सगळे ‘सॅमच्या जोचा एर्नेस्ट’च म्हणत आले. तरी हे आडनाव आपल्याच शेतावर जन्मलं, हे सिद्ध करण्यात त्यानं अकरा वर्षं घालवली होती. होल्रॉइड म्हणजे घळीतलं जंगल तोडून काढलेली जमीन. अशी घळ त्याच्याकडे होती. दुर्दैवानं नदीपलीकडे राहणारा त्याचा मेव्हणा सेल्विन, तोही होल्रॉइडच, त्याच्याकडेही होती.

मंगळवारी दफ्तरखान्यातल्या मिस थ्वेटनी सहाशे वर्षांपूर्वीचा एक निवाडा वाचून दाखवला आणि एर्नेस्ट टोपी तिथंच विसरून बस पकडायला धावला. थांबला तो थेट सेल्विनच्या स्वयंपाकघरात.

“सापडला! पहिला होल्रॉइड! नावानिशी सापडला!”

“आधी बस, चहा घे. कुठल्या काठाचा?”

“माझ्या! घळीची चतुःसीमा दिलीय, ओढ्यासकट!”

“कागदावर कसा आला तो? सरदार-बिरदार होता?”

एर्नेस्टचा आवाज जरासुद्धा खाली आला नाही. “छे, दंड झाला होता त्याला! जहागीरदाराची ओकची झाडं चोरून तोडली म्हणून. बावीस झाडं!”

सेल्विननं शांतपणे केक कापला. “चोर होय? मग तुझ्याच काठाचा. माझी काही हरकत नाही.”

“लिहून देतोस?” म्हणत एर्नेस्टनं खिशातून पेन काढलं.