मास्तरांनी बुजवलेली भोकं

मास्तर कुठल्याच शाळेत शिकवत नव्हते. खरं सांगायचं तर ते स्वतःच सातवीच्या पुढे गेले नव्हते. पण गॅरेजच्या दारात कुणाची मोटारसायकल येऊन उभी राहिली, की ते आधी गाडीकडे बघत, मग मालकाकडे, आणि मालक कितीही मोठा असला तरी त्याची शाळा घेत. "काल समुद्रावर गेला होतात ना? आल्यावर गोड्या पाण्याने धुतलीत? नाही? मग गाडी काय मिठात मुरवायचीय?" मालक मान खाली घालून ऐकत. म्हणून लोकांनीच त्यांना मास्तर करून टाकलं होतं.

समुद्र गॅरेजपासून हाकेच्या अंतरावर होता. त्या वाऱ्यात बिजागऱ्या वर्षभर टिकत नसत, कुलपं किल्लीला ओळख देत नसत. मास्तरांच्या हातच्या गाड्या मात्र आठ आठ वर्षं नव्यासारख्या. त्यांची रीत ठरलेली होती. आधी गोडं पाणी, तेही हलक्या धारेने, कारण जोरात मारलं की खारं पाणी बेअरिंगात घुसतं. मग कोरडं फडकं, मग पंपाची हवा मारून सांध्यासांध्यातलं पाणी उडवायचं. साखळीला तेल, नटबोल्टांना बोटभर ग्रीस, उघड्या लोखंडावर मेणाचा हात. इथवर सगळं बरोबर होतं. इथेच थांबले असते तर मला ही गोष्ट सांगायचं कारणच पडलं नसतं. पण गुणी माणसाला थांबायचं कुठे ते कळत नाही, हा त्याचा जुनाच रोग आहे.

मोटारसायकलचं मागचं चाक दोन पोकळ नळ्या धरून ठेवतात. गॅरेजवाले त्याला चिमटा म्हणतात. या नळ्यांना खालच्या अंगाला पेन्सिलच्या टोकाएवढं एकेक भोक असतं. चार वर्षांपूर्वी एका दुपारी मास्तर गाडीखाली आडवे असताना त्यांचं लक्ष त्या भोकांवर गेलं. 'बाहेरून एवढं जपायचं आणि इथे दार उघडं! कारखान्यात बसून यांना समुद्र काय कळणार?' त्यांनी दोन्ही भोकांत लांबीची पुट्टी भरली, घासून सपाट केली आणि वरून रंगाचा असा हात मारला की भोक होतं हे कुणाला सांगूनही पटू नये. ती पहिली गाडी त्यांच्या सुनेची होती. चांगली गोष्ट आधी घरच्या माणसाला, एवढाच त्यात भाव. त्यानंतर गिऱ्हाइकं. सुनेची धरून एकूण एक्केचाळीस गाड्या झाल्या.

त्या सकाळी दहाच्या सुमाराला बर्फवाला आपली गाडी ढकलत आला. कोपर खरचटलेलं, एक चप्पल तुटलेली. मागचं चाक एका बाजूला कलंडलं होतं.

"मास्तर, गतिरोधकावर हळू घेतली होती हो. कट्‌ झालं आणि मागून गाडीच बसली. बर्फाची लादी रस्त्यावर, मी लादीवर. तुमच्या हातची गाडी आणि असं?"

"काहीतरी जड लादलं असशील," मास्तर म्हणाले, आणि खाली वाकले.

चिमट्याची उजवी नळी तुटली होती. बाहेरून रंग तसाच तुकतुकीत होता. तुटलेल्या तोंडातून मात्र तपकिरी चिखल गळत होता आणि लोखंडाचे पापुद्रे सुटत होते. मास्तरांनी बोटाने चाचपलं. नळीची जाडी कागदाएवढी राहिली होती. त्यांनी बोट जिभेला लावलं. खारट.

एकदम त्यांना सगळं उमगलं. ती भोकं पाणी आत येण्यासाठी नव्हतीच, आत आलेलं पाणी बाहेर जाण्यासाठी होती. दमट वारा, धुण्याचं पाणी, कुठल्या ना कुठल्या फटीतून आत जायचंच. जाणारं जात राहिलं आणि निघायची वाट त्यांनी स्वतःच्या हाताने बंद केली. चार वर्षं नळ्यांच्या पोटात मीठ शिजत होतं आणि ते वरून मेण लावत होते.

"हिची भोकं मी कधी बुजवली होती?" त्यांनी विचारलं.

"दीडेक वर्ष झालं असेल. का?"

दीड वर्षात ही अवस्था. सुनेच्या गाडीला चार वर्षं झाली होती.

सून नर्स होती. रोज दहाला निघायची आणि घरोघरच्या रुग्णांची मलमपट्टी, इंजेक्शनं, बाळंतिणींची तपासणी करत फिरायची. आज तिची फेरी खालच्या कोळीवस्तीत होती. तिथे जायला टेकडीवरून सात वळणांचा तीव्र उतार होता, एका हाताला भिंत आणि दुसऱ्या हाताला खाली खडक. उतारावर ब्रेक मारला की सगळा भार त्या चिमट्याला ओढ लावतो, हे मास्तरांना कुणी सांगायला नको होतं.

त्यांनी फोन लावला. वाजत राहिला. पुन्हा लावला. पुन्हा तेच. गाडीवर असताना फोन उचलायचा नाही, हा नियम तिला त्यांनीच घालून दिला होता, आणि ती पोर नियम पाळणारी होती.

"मला गाडी पाहिजे," ते म्हणाले.

दारात सहा गाड्या उभ्या होत्या. सगळ्या धुतलेल्या, पुसलेल्या. मास्तरांनी पाना उचलला आणि पहिल्या गाडीच्या चिमट्यावर ठोकला. थप. दुसरीवर. थप. तिसरीवर ठोकताच रंगाचा टवका उडाला आणि खाली भुसा गळला. चौथी, पाचवी. चांगल्या लोखंडाने खणखणायला हवं होतं. इथे पाना ओल्या लाकडावर मारल्यासारखा वाजत होता.

सहावी गाडी वायरमनची होती. हॉर्न दुरुस्त करायला आणलेली. या गाडीवरून मास्तरांनी वायरमनला चारचौघांत किती वेळा झापलं असेल त्याला गणतीच नाही. मडगार्डला भोकं, सायलेन्सर तांबडा, आरशाची दांडी तारेने बांधलेली. "ही माझ्या दारात लावू नकोस, बाकीच्यांना लागण होईल," असं म्हणायचे. वायरमन हसायचा आणि चिमट्याची भोकं बुजवायला मात्र कधी तयार व्हायचा नाही, निव्वळ आळसाने.

मास्तरांनी ठोकलं. ठण्ण.

"ही घेऊन जातो," ते म्हणाले आणि पाना नि पेचकस खिशात टाकला.

वायरमन तिथेच स्टुलावर बसला होता. एरवी असा मोका त्याने सोडला नसता. "बडा घर पोकळ वासा, काय मास्तर?" एवढं त्याच्या तोंडून निघून गेलं. मग त्याने मास्तरांचा चेहरा पाहिला आणि किल्ली पुढे केली. "न्या. मागचा ब्रेक थोडा उशिरा लागतो."

बाजारातून बाहेर पडेपर्यंत मास्तरांनी तीन वेळा शिव्या दिल्या. दोनदा लोकांना आणि एकदा स्वतःला. ती वांड गाडी खडखडत होती, पण चाक सरळ होतं. डोक्यात एकच गोष्ट फिरत होती. महिन्यापूर्वी सून म्हणाली होती, "बाबा, उतारावर मागून कुरकुर येते." ते म्हणाले होते, साखळी सैल असेल. गेल्या आठवड्यात पुन्हा म्हणाली, "बाबा, गाडी मागून हलल्यासारखी वाटते." तेव्हा ते जेवत होते. ताटावरून मान न उचलता म्हणाले होते, "तुला इंजेक्शन कसं द्यायचं ते मी शिकवतो का?" ती गप्प बसली होती. आता ते गप्प बसणं त्यांना ऐकू येत होतं.

उतार सुरू झाला. पहिलं वळण मोकळं. दुसरं मोकळं. प्रत्येक वळणावर ते कठड्याकडे बघत, कुठे कठडा तुटलाय का, काच पडलीय का. चौथ्या वळणावर सातआठ माणसं कठड्यावरून खाली वाकून बघत उभी होती. एकजण ओरडत होता, "सावकाश! सावकाश वर घ्या!"

मास्तरांनी गाडी सोडली म्हणजे अक्षरशः सोडली. ती आडवी पडली आणि ते धावले. माणसांना बाजूला सारून त्यांनी खाली पाहिलं. खडकावर एक निळी ताडपत्री अडकली होती आणि दोघेजण दोरीने ती ओढत होते. ट्रकवरून उडालेली ताडपत्री.

"काय हो काका, बरं नाही का?" कुणीतरी विचारलं. मास्तर कठड्याला धरून उभे होते. गाडी उचलायला दोन माणसांनी मदत केली.

वस्तीच्या तोंडाशीच, तिसऱ्या घरापुढे सुनेची गाडी उभी होती. उन्हात चकाकत होती. ती घरात असल्याचं दाराबाहेरच्या चपलांवरून कळलं. मास्तरांचा जीव भांड्यात पडला. ते गाडीमागे मांडी घालून बसले आणि भोकाच्या जागी पेचकस टेकवला. जोर लावावा लागलाच नाही. पेचकस मुठीपर्यंत आत गेला. मागे ओढला तसं गंजाचं पाणी बाहेर आलं, हातावर, मनगटावर, शर्टाच्या बाहीवर. बराच वेळ येत राहिलं.

"बाबा? तुम्ही इथे?" सून पिशवी खांद्याला लावून दारात उभी होती. "आणि हे काय चाललंय? मला वरच्या आळीत जायचंय, एका बाईचे टाके बघायचेत."

"या गाडीवर बसू नकोस."

तिने गळणारं पाणी पाहिलं. ती हुशार होती, तिला फार समजवावं लागलं नाही. तरी मास्तरांनी सगळं सांगितलं, बर्फवाल्यापासून भोकांपर्यंत, काही न लपवता.

"मी दोनदा सांगितलं होतं," ती म्हणाली.

"हो."

"दुसऱ्यांदा तुम्ही मला काय म्हणालात, आठवतं?"

"आठवतं. माझं चुकलं, सूनबाई."

लग्न होऊन घरात आल्यापासून हे शब्द तिने त्यांच्या तोंडून पहिल्यांदा ऐकले. ती विरघळली वगैरे नाही. तिला राग आला होता आणि तो यायलाच हवा होता. तिने वायरमनच्या गाडीकडे बोट दाखवलं. "ही ठीक आहे?"

"एकदम. मी स्वतः—"

"पाना द्या."

तिने स्वतः खाली वाकून दोन्ही नळ्यांवर ठोकून पाहिलं, कान जवळ नेऊन ऐकलं. मास्तर बाजूला उभे राहिले. वीस वर्षांत त्यांच्या शब्दावर कुणी असा पाना ठोकून पाहिला नव्हता. त्यांना फार लागलं, आणि ती करतेय ते बरोबर आहे हेही कळत होतं.

"अजून अशा किती आहेत?" तिने विचारलं.

"तुझी आणि बर्फवाल्याची सोडून एकोणचाळीस."

तिने आपल्या नोंदवहीतलं एक पान फाडलं, पेन दिलं. "नावं लिहा. सगळ्यांत जास्त काळजीचं कोण?"

"छपाईवाला. रोज दोन्ही पोरींना गाडीवरून शाळेत सोडतो. साडेबाराला आणायला निघेल."

"मग त्याच्यापासून सुरुवात करा. मी टाके बघून येते." तिने किक मारली. दोनदा फुकट गेली, तिसरीला गाडी सुरू झाली.

मास्तर त्या अनोळखी घराच्या पायरीवर बसले. त्यांनी कागदावर नावं उतरवली आणि छपाईवाल्याला फोन लावला.

"मास्तर बोलतोय. गाडी बाहेर काढू नका."

"का हो? परवाच तर मेण लावून दिलंत. आरशासारखी चमकतेय."

"वरून चमकतेय. आतून कुजलीय. भोकं मी बुजवली, त्यामुळे. चूक माझी आहे."

छपाईवाला मोठ्याने हसला. "काय मास्तर, सकाळी सकाळी चेष्टा करायला मीच सापडलो?"

"चेष्टा नाही. माझी सून आत्ता तसल्याच गाडीवरून उतार उतरून आलीय. नशिबाने आली. तुम्ही पोरींना चालत आणा. मी संध्याकाळपर्यंत चिमटा काढून नेतो."

हसू थांबलं.

"कधी बुजवली होतीत?"

"तीन वर्षं झाली."

"तीन वर्षं माझ्या पोरी त्या गाडीवर बसतायत, मास्तर."

"हो," मास्तर म्हणाले.

फोन बंद झाला. मास्तरांनी गंजाच्या हातानेच डोळे पुसले, कागदावरच्या पहिल्या नावावर रेघ मारली आणि दुसरा नंबर लावला.