विसण

आमच्या मावशीला सांडशी कधी लागली नाही. शेगडीवरचं पातेलं ती नुसत्या हातानं उतरवायची आणि आम्ही पोरं ओरडलो की म्हणायची, "माझे हात काय लोण्याचे आहेत?" इस्पितळाच्या धुलाईघरात तिचा जन्म गेला. यंत्रातून वाफाळत्या चादरी ओढून काढायच्या, झटकायच्या, तापलेल्या इस्त्रीच्या पाटाखाली सरकवायच्या. तळहात चपलेच्या तळासारखे झाले होते, आणि त्यांचा तिला अभिमानच होता.

मावशीच्या नवऱ्याला, आमच्या काकांना, अर्धांगवायू झाला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. त्यांची आंघोळ मावशीनं आपल्याकडे घेतली. जुन्या गीझरचं कढत पाणी बादलीत सोडायचं, गार पाण्याचं विसण घालायचं, हात बुडवून बघायचं, मग खुर्चीत बसवलेल्या काकांच्या अंगावर तांब्या. काका अंग चोरायचे, डावा हात आडवा धरायचे. माणूस जन्माचा लाजाळू. लग्नाच्या फोटोतसुद्धा नवरीपेक्षा यांचीच मान खाली. "आता माझ्यापुढे कसली लाज?" म्हणत मावशी पुढचा तांब्या ओतायची.

एकदा तपासायला आलेल्या डॉक्टरीणबाईंना काकांच्या पाठीवर लाल चट्टे दिसले. "पाणी फार कढत होतंय," त्या म्हणाल्या. मावशीला पटेना. "अहो, कोमट असतं. मी स्वतः हात घालून बघते." बाईंनी तिचे हात उलटेपालटे करून पाहिले आणि चट्ट्यांसाठी मलम लिहून दिलं. मावशीचा मुलगा मात्र बोललाच. माझा हा मावसभाऊ मनाचा चांगला, पण बोलणं म्हणजे डोक्यात दगड. "आई, उद्यापासून आंघोळीला माणूस ठेवू."

मावशीचा चेहरा उतरला. परक्या माणसानं काकांना उघडं बघायचं, आणि काकांना साधं 'नको'ही म्हणता येणार नाही. हे तिच्या जिवाला लागलं. "पाण्याचंच ना? ते मी बघते," म्हणाली आणि मला घेऊन दुकानात गेली.

ताकाला जाऊन भांडं लपवायची तिची सवय जुनी. आधी नळाच्या तोट्या बघितल्या, मग आरसे. शेवटी मीच विक्रेत्याला काय हवं ते सांगितलं. त्यानं गॅसवरचा गीझर दाखवला आणि मावशीच्या न्हाणीघराची खिडकी केवढी म्हणून विचारलं. मी हातानं दाखवली. "मग हा नकोच, गॅसला खेळती हवा लागते," म्हणत त्यानं भिंतीवरच्या एका चपट्या डब्याकडे बोट केलं. "हा विजेवरचा, बिनटाकीचा. नळ सोडला की पाणी तापतं, बंद केला की थांबतं. इथं आकडा लावायचा. त्याच्यापेक्षा गरम पाणी येणारच नाही."

"आणि विसण?" मावशीनं विचारलं.

"विसणाची गरजच नाही, मावशी."

"हातच्या काकणाला आरसा कशाला? हात घातला की पाणी कळतं," ती पुटपुटली. पण घेतला तोच. त्याच्यासाठी वायरमननं मीटरपासून नवी जाड वायर ओढली, भिंत फोडली, आणि घरभर धूळ झाली तरी मावशी त्याला एक शब्द बोलली नाही. मला तेव्हाच कळायला हवं होतं की ती घाबरली आहे.

पहिल्या आंघोळीला तिनं मला टॉवेल घेऊन उभं केलं. अडतीसचा आकडा लावला, बादली भरली. तिनं हात बुडवला. "हे तर गार आहे गं."

मी हात घातला. "मावशी, चांगलं गरम आहे."

तिनं पुन्हा एकदा हात बुडवून बघितला. मग तिनं तांब्या भरला आणि भीत भीत काकांच्या खांद्यावर ओतला. काकांनी अंग चोरलं नाही. डावा हात मांडीवरच राहिला. त्यांनी डोळे मिटले आणि पुढच्या तांब्यासाठी तोंड वर केलं.

"लाजत नव्हते गं ते," मावशी म्हणाली. ती रडली नाही, तिनं आंघोळ पुरी केली, पाठ टिपून घेतली, पावडर लावली. माणूस ठेवायचा विषय घरात पुन्हा निघाला नाही. मावशी जिंकली होती म्हणायचं, पण जिंकल्याचं तोंड असं नसतं.

त्यानंतर तिनं स्वतःच्या हातावर कशाच्याच बाबतीत भरवसा ठेवला नाही. काकांचा चहा आधी मुलाला चाखायला लावायची. रात्री पांघरूण घालतानाही विचारायची, "यांना उकडत तर नसेल?" मुलगा वैतागायचा, मीसुद्धा कधी कधी. आकडा मात्र ती रोज बघायची, आणि काका आंघोळीला शांत बसायचे. एवढं सुख त्या दोघांना काही महिने मिळालं, त्याबद्दल मी त्या डब्याची ऋणी आहे.

मग एका सकाळी तिचा फोन आला. मुलगा कामावर गेला होता. "जरा येऊन जा," एवढंच म्हणाली. मी शेजारच्याच गल्लीत राहते. तशीच धावत गेले. ती काकांच्या उशाशी उभी होती, दोन्ही हात पदरात गुंडाळलेले.

"सकाळपासून उठवतेय," ती म्हणाली. "तू बघ गं हात लावून. माझ्या हाताचं काही खरं नाही."

मी काकांच्या कपाळाला हात लावला. कपाळ गार पडलं होतं. मावशी माझ्या तोंडाकडे बघत राहिली.