आबांच्या अमावस्येचं खोबरं

गेल्या मंगळवारी दौंडला जाऊन आले. आबांना, माझ्या वडिलांना, जाऊन दोन महिने होतील आता... मी इथे फारसं लिहीत नाही, पण तो दिवस काही मनातून जात नाहीये.

आदल्या दिवशी गुलाबमामांचा फोन आला. आबा कामाला होते ती बंद पडलेली कंपनी आहे ना दौंडजवळ, तिथले ते वॉचमन. "ताई, उद्या फॉरेनची पार्टी येनार हाय कंपनी घ्यायला. पुढचं शटर गंजून अडकलंय, आन् मागच्या दाराला आबांचं कुलूप हाय. चावी आना, न्हाईतर तोडत्यात."

बंद कंपनीला आबांचं कुलूप कशाला? पण चावी खरंच सापडली. त्यांच्या पाकिटात, आईच्या फोटोमागे...

शिरूरहून न्हावऱ्यावरून एसटीने गेले. याच गाडीने आबा दर अमावस्येला दौंडला जायचे, म्हसोबाच्या दर्शनाला. संध्याकाळी अर्ध्या नारळाचं खोबरं आणायचे, आम्ही दोघं गुळाबरोबर खायचो. एकदा मी चिडून म्हणाले होते, "गुडघे एवढे दुखतात, शिरूरला देव नाहीत का?" ते हसले. "हाईत की. पन ह्यो वळखीचा हाय."

दौंडला स्टँडवर सगळीकडे तोच विषय. कोणी म्हणे जपानी आहेत, कोणी म्हणे कोरियन. रिक्षावाले काका म्हणाले, "नुसती जागा घेत्यात, ताई. मशिनी भंगारात आन् वर गोडाऊन." कंपनी बंद झाल्यावर गेटसमोरची खानावळ उठली, वडापावची गाडी उठली... तरी सगळ्यांच्या बोलण्यात थोडी आशा होतीच. मला मात्र एकाच गोष्टीची धास्ती. आबांचं लेथ, लोखंड कातायचं मशीन. सव्वीस वर्षं ते त्याच्यासमोर उभे राहिले होते.

कुलूप लगेच उघडलं. आत इतकं शांत होतं... पत्र्याच्या भोकांमधून उन्हाच्या बारीक काठ्या खाली उतरल्या होत्या आणि धूळ त्यांच्यातून सावकाश वर जात होती. वाटलं, सगळे जेवायला गेलेत, आत्ता येतील.

दोन परदेशी साहेब, त्यांचं बोलणं मराठीत सांगणारी पुण्याची एक मुलगी आणि एक एजंट. एजंटच्या हातात खडू. भंगारात जाणाऱ्या मशीनवर तो फुली मारत चालला होता. शेवटच्या लेथवर, आबांच्या लेथवर, तर त्याने न बघताच फुली मारली.

दोघांतले म्हातारे साहेब तिथेच थांबले. त्यांनी लेथवरून बोट फिरवलं आणि उन्हात धरलं. बोटाला तेल होतं. स्वच्छ, ताजं म्हणावं असं. मग त्यांनी हाताने चक, लेथची ती जड गोल चकती, फिरवला. आवाज न करता तो फिरत राहिला... कितीतरी वेळ.

मुलीने विचारलं, "साहेब विचारतायत, हे मशीन कोण चालवतं?"

गुलाबमामांचा चेहरा उतरला. "कुनीच न्हाई, साहेब! लाइटच न्हाई तर चालवायचं कसं?"

खाली माझं लक्ष गेलं. तेलाचा डबा, घडी घातलेला एक जुना बनियन, आणि बाजूला नारळाच्या करवंट्यांचा छोटा ढीग. बनियनच्या खांद्याला मीच घातलेले टाके होते.

"माझे वडील," मी म्हणाले. "दर अमावस्येला यायचे. आता नाहीत."

मुलीने हळू आवाजात त्यांना सांगितलं. साहेबांनी खिशातून रुमाल काढला आणि ती फुली पुसली. एजंट "सर, सर" करत राहिला... पांढरं गेलं तरी ते पुसतच होते.

पुढे काय होईल ठाऊक नाही. कंपनी घेतील, नाही घेतील. निघताना मी गुलाबमामांना विचारलं, "मला का नाही सांगितलंत?"

"आबांनी शपथ घातली व्हती. म्हनायचे, पोरगी हसंल." मग ते स्वतःच हसले. "अर्धं खोबरं मला, अर्धं तुम्हाला. लेथचाच परसाद खाल्लाय की तुम्ही इतकी वर्षं!"

हसले नसते हो, आबा...

चावी मामा मागत होते. मी दिली नाही. नारळ किती वाजता फोडायचे, तेवढं विचारून घेतलं. आठला, शिफ्ट सुरू व्हायच्या वेळेला. शिरूरहून पहाटेची पहिली एसटी धरली की वेळेत पोचता येतं.