कुंदाबाईंचा कोरा चिमटा

कारखान्यात शिरल्या की कुंदाबाई पटले आधी मंगळसूत्र काढून भिंतीतल्या खिळ्याला अडकवायच्या, मग बांगड्या, मग जोडवी. मुर्री गावच्या बायकांत त्यावरून कुजबुज चाले. एकीने तोंडावर विचारलंच, तेव्हा बाई म्हणाल्या, "माह्या नवऱ्याले बायको जित्ती पायजे. पोत खिळ्यावर रायली तं त्याचं काय बिघडते?" नवरा डबा घेऊन दारातच उभा होता. त्याने मान डोलावली.

आमच्याकडे लोखंडी अलमाऱ्या बनत. दोन हजार सालाच्या आसपास शेठनी विजेवर चालणारी रंगाची गन आणली. टोकाला हजारो व्होल्ट, त्यामुळे रंग आपसूक अलमारीकडे ओढला जाई. गन चालवायचो मी, तपासायच्या बाई. आयटीआय शिकलेल्या, आणि ते सांगायला कधी न लाजणाऱ्या. वीज बंद, हवा बंद, गन थिनरपासून लांब. मग जमिनीला जोडलेल्या अर्थिंगच्या दांड्याने टोकाला स्पर्श करून उरलासुरला करंट जमिनीत सोडायचा आणि त्यानंतरच मीटर लावायचं. मी घाई केली की म्हणायच्या, "बंद केली म्हंजे मेली असं नाई, भाऊ. साप मेला तरी आपून काडीनं हालवून पायतो ना?"

एका दसऱ्याला शेठनी हौसेने सगळी अवजारं रंगवून पूजेला मांडली. दुसऱ्या दिवशी दिवाळीचा माल न्यायला सौंदडचा ट्रक दारात उभा. बाईंनी गन तपासली, ती ठणठणीत होती. मी ती हातात घेतली. तेवढ्यात त्यांनी टांगलेल्या अलमारीलाही मीटर लावलं आणि काटा हलेना. अलमारीला अर्थिंगच्या तारेशी जोडणारा चिमटा शेंदरी रंगात न्हाला होता. रंगाने करंटची वाटच बंद केली होती.

शेठ वैतागले. "गन तो ठीक है ना, बाई? चालू करो।"

बाईंनी गन माझ्या हातून काढून घेतली. "गन ठीक आहे, शेठ. पन अलमारीत साचनारा करंट जाईन कुठी? एक ठिणगी पडली तं थिनरात हा भाऊ जळून जाईन. मी चालू करू देत नाई."

शेठ ट्रककडे पाहत राहिले. बाईंच्या नोकरीचं आता काही खरं नाही, असं मला वाटलं. बाई मात्र खाली बसून पॉलिश पेपरने चिमटा घासत होत्या. लोखंड उघडं पडलं, काटा हलला, तेव्हाच गन माझ्या हातात परत आली. ट्रकवाल्याला शेठनी स्वतः चहा नेऊन दिला. माझा जीव राखायला अशी बाई उभी आहे, या अभिमानाने माझा ऊर भरून आला.

पुढच्या दसऱ्याला शेठनी पूजेचं ताट बाईंच्याच हाती दिलं. गनला कुंकू लागलं, मीटरला लागलं. चिमट्यापाशी बाई थांबल्या. "याले काई नोको. माह्या गळ्यावानी हा बी कामावर उघडाच बरा."

बाई जाऊन आता बरीच वर्षं झाली. खिळा अजून आहे आणि कामाला लागण्याआधी सगळे त्याला आपापली कडी-अंगठ्या अडकवतात. दसऱ्याची पूजा मी करतो, भाजल्याचा एकही डाग नसलेल्या हातांनी. चिमटा तेवढा कोरा ठेवतो.