बेवारस टोपली

मुंबईत बॉम्ब फुटले त्या वर्षी जूनमध्ये शाळा उघडल्या, त्या सरकारी परिपत्रक घेऊनच. एकच फाटक उघडं ठेवा, फेरीवाले हटवा, बेवारस वस्तू दिसली की पोलिसांना कळवा. उल्हासनगर कॅम्प चारच्या मराठी शाळेत हे सगळं येऊन पडलं शिपाई हरिचंद्रच्या डोक्यावर. त्यानं बादल्यांत वाळू भरली, मागचं फाटक तारेनं बांधलं. राहता राहिले फेरीवाले, म्हणजे एकटी ठमाबाई.

चामटोलीची ही म्हातारी बोरं, करवंदं, जांभळं घेऊन फाटकाशी बसायची. नवरा गेलेला, मूलबाळ नाही. हरिचंद्र तिला मावशी म्हणायचा, आणि फुकटची जांभळं खाताना त्याचं भाचेपण अगदी उतू जायचं. मोठ्या सरांनी हटवायला सांगितलं, तर या पठ्ठ्यानं तिची टोपली आतल्या भिंतीआड ठेवून घेतली. "तपासणीचे साहेब लोक येऊन गेले की बस बाहेर," म्हणाला.

तपासणीला फौजदार आले तेव्हा ठमाबाई नेमकी नळावर गेलेली. फडक्यानं झाकलेली टोपली बघून फौजदार थबकले. "कोणाची ही?"

मोठे सर हरिचंद्रकडे बघू लागले. मावशीची म्हणावं, तर आत कोणी ठेवू दिली? नोकरीच्या भीतीनं त्यानं परिपत्रकातलाच शब्द उचलला.

"बेवारस आहे, साहेब."

मग काय, मुलांना मैदानात पिटाळलं, वाळू आली, लांब बांबू आला. टोपली उलटली आणि जांभळं मातीत गेली, बुटांखाली गेली. मागं पाण्याचा तांब्या घेऊन ठमाबाई उभी होती.

"बेवारस? अरं, मी जित्ती हाय नं!"

ती हरिचंद्रकडेच बघत होती. त्यानं मान खाली घातली. फौजदारांनी तिला दटावून हाकललं, तेव्हाही त्यानं मान वर केली नाही.

ठमाबाई पुन्हा आली नाही. मावशीपेक्षा पगार प्यारा झाला, या विचारानं हरिचंद्रला घास गोड लागेना. शेवटी एका रविवारी नवी टोपली घेऊन तो चामटोलीला गेला. ठमाबाई ओट्यावर बसली होती. शेजारच्या वेणूनं तिला विचारलं, "कोन गो ह्यो? तुजा कोन लागतं?"

"कोनी नाय," ठमाबाई म्हणाली. "मी बेवारस हाय." आत जाऊन तिनं दार लोटलं.

टोपली ओट्यावर ठेवून तो निघाला. मागून वेणूनं हाक मारली, "ओ भाव, ही टोपली कोनाची?"

"माझ्या मावशीची!" हरिचंद्र ओरडला.

सगळ्या आळीला ऐकू गेलं. दार काही उघडलं नाही.