गव्हाच्या कोठीतल्या बाटल्या

हिवाळ्यात मी मेथीचे लाडू वळते, डबे भरते, मुलीकडे पाठवते, पण स्वतः तोंडात घालत नाही. घरात सगळ्यांना वाटतं, मला कडू चालत नाही. नातू म्हणतो, आजी कारलं खाते आणि लाडू खात नाही, असं कसं? खरंच, असं कसं? त्यानं फार खोदून विचारलं असतं तर मी काहीतरी ठोकून दिलं असतं. खोटं बोलायला मला वेळ लागत नाही. ते कसं, तेच आज सांगायला बसलेय. ह्यांना माहीत नाही, मुलांना माहीत नाही, आणि देवापुढे हात जोडतानासुद्धा मी हे मनातल्या मनात भरभर उरकून टाकते.

माझ्या दिराची गोष्ट आहे. म्हणजे — माझीच आहे, पण तो नसता तर घडली नसती. बघा, सुरुवातीलाच त्याच्यावर ढकलायला लागले.

सुधाकर भाऊजी. ह्यांच्यापेक्षा सात वर्षांनी लहान. धुळ्यात पाचव्या गल्लीत आमचं घर. आबा, म्हणजे माझे सासरे, शाळेतून निवृत्त झालेले हेडमास्तर. सासूबाई माझ्या लग्नाआधीच गेलेल्या, त्यामुळे घरात बाईमाणूस मी एकटीच. कुणाचं भांडण मिटवायचं असो, कुणाची सोयरीक जुळवायची असो, आबांना बोलावणं यायचं. आणि दारूचा विषय निघाला तर आबा ताटावरून उठायचे. अशा घरातला मुलगा एका इटालियन प्रवासी बोटीवर नोकरीला होता. घरी सांगितलं होतं, स्वयंपाकघरात आहे. पेले धुता धुता तो बारमध्ये पेले भरायला लागला होता, हे फक्त मला ठाऊक होतं. कारण सुट्टीवर आला की तो माझ्याशी बोलायचा. मी भाकरी थापायची आणि त्यानं पाट ओढून बसायचं. कुठल्या बंदराला कसली मासळी मिळते, तिथल्या म्हाताऱ्या संध्याकाळी नटूनथटून कशा बाहेर पडतात, काय काय सांगायचा. बाकी घरातली माणसं माझ्याशी बोलायची ती 'चहा टाक' आणि 'बटण तुटलंय' एवढंच. हे वाईट नव्हते हो. पण बोलायचे नाहीत.

नव्वदच्या आसपासची गोष्ट. त्या खेपेला तो आला तेव्हा चाळीसगावच्या शैलाशी त्याचा साखरपुडा झाला. मुलगी गोड होती, बी.ए. झालेली, हसली की तोंडावर पदर घ्यायची. आखाजीनंतर, म्हणजे अक्षय तृतीयेनंतर, लग्न धरलं होतं. भाऊजी हवेतच होता. पाकिटातला तिचा फोटो काढून किती वेळा दाखवायचा, मी तर चिडवायची, 'अहो, झिजेल तो.'

होळीच्या आधी मी दळणासाठी गहू काढायला कोठीत हात घातला आणि हाताला काच लागली. बनियनमध्ये गुंडाळलेल्या तीन बाटल्या. दोन हिरव्या, जाड बुडाच्या. एक केशरी-तांबडी, उजेडात धरली की पळसाच्या फुलांच्या रंगासारखी. मी बाहेर येऊन त्याच्याकडे नुसतं बघितलं, तर तो कान पकडून हसायला लागला. म्हणाला, कोठीत गार राहतं, आणि तिथं तुमच्याशिवाय कुणाचा हात जात नाही.

आता नीट ऐका. घरात सगळे समजतात की त्यानं मला फसवून पाजलं. तसं नाही. मी मागं लागले होते. चार दिवस. ते काय असतं, कसं लागतं, मला करून दाखवा, एकदाच. तो नाही म्हणत होता. आबा आहेत, दादा आहेत, नको वहिनी. स्वतः तो पीतही नव्हता — 'मी पीत नाही, मी फक्त करतो,' असं म्हणायचा, आणि ते खरं होतं. चार दिवस मी त्याचा पिच्छा पुरवला. हे मी पहिल्यांदाच कुणाला सांगतेय, पण हे काही मुख्य नाही. मुख्य अजून पुढं आहे.

होळीच्या दोन दिवस आधी आबा शिरपूरला कुणाच्या तरी बोलणीला गेले. हे कचेरीत, मुलं बालवाडीत. दुपारचे अकरा-साडेअकरा झाले असतील. भाऊजीनं कोपऱ्यावरून गोळीवाल्या सोड्याची बाटली आणली, थर्मासमधून बर्फ आणला. मला म्हणाला, काचेचे पेले काढा. माझ्या लग्नात आलेले सहा पेले शोकेसमध्ये होते, सहा वर्षांत त्यांना पाणी लागलं नव्हतं. आणि मग मला म्हणाला, आज तुम्ही पाटावर बसा.

मी बसले. माझ्याच स्वयंपाकघरात मी बसलेय आणि दुसरं कुणीतरी ओट्याशी उभं आहे, असं कधी झालं नव्हतं. त्यानं पेला बर्फानं काठोकाठ भरला. हिरवी बाटली टॉवेलात धरून उघडली, दबका आवाज झाला, फेस वर आला. ती पांढरी फसफसती वाईन तीन भाग, मग तांबडी दोन भाग, वरून सोडा एक भाग. जोरात ढवळायचं नाही, म्हणाला, चमचा फक्त तळाशी नेऊन एकदा वर आणायचा, नाहीतर फेस मरतो. संत्र्याची गोल चकती कापून कडेनं सोडली. त्या वेळी त्याचा चेहरा किती निवांत होता म्हणून सांगू. आपलं काम येणाऱ्या माणसाचा असतो तसा.

पहिला घोट गोड. मग संत्र्याचा वास नाकात, जिभेवर मुंग्या, आणि सगळं गिळून झालं की मागून कडू. थेट मेथीच्या लाडवासारखं. मी म्हणाले तसं, तर तो इतका खूश झाला. म्हणाला, तिकडे जेवणाआधी घेतात हे, भूक लागावी म्हणून, कुणी झिंगायला घेत नाही. मग फोटोचं पाकीट खिशात चाचपत म्हणाला — 'बरं झालं, आज तुमच्यावर सराव झाला. दुसरी हिरवी बाटली तिच्यासाठी ठेवलीय.'

सराव. तो निष्पाप मनानं बोलला. मी हसले. पण मला ते लागलं, काट्यासारखं लागलं. सहा वर्षांत कुणीतरी मला बसवून काही करून दिलं होतं, आणि तेही दुसरीसाठी हात बसावा म्हणून. मला तिचा हेवा वाटला. झाकून काय करू?

मी आणखी एक मागितला. सोडा संपला होता, बर्फही. तो आणायला कोपऱ्यावर गेला, आणि पाठोपाठ उघड्या दारातून शैलाची मावशी आत आली.

शैलाला आई नव्हती, सगळं मावशीच बघायची. लुगड्यांच्या खरेदीला धुळ्याला आली होती, येताना होळीचे साखरेचे हार-कडे घेऊन आली होती जावयासाठी. मी बाटल्या पिंपामागे सरकवल्या. पण पेला हातात होता, निम्मा भरलेला. 'हाई काय शे वं?' तिनं विचारलं. मी म्हणाले, संत्र्याचं सरबत. उन्हातून आलेली बाई — 'मंग माले बी दे ना जराशी' म्हणत तिनं माझ्या हातातून पेला घेतला आणि ओठाला लावला.

मावशीचा नवरा दारूनंच गेला होता. तिला चव कळायची गरजच नव्हती, वासानंच तिचा चेहरा उतरला. पेला ओट्यावर ठेवून ती म्हणाली, 'कोणी दिन्हं हाई तुले?'

आमच्याकडे सोयरीक ठरली तरी अक्षता पडेपर्यंत चौकशी संपत नाही. आणि पक्की चौकशी करायची ती चुलीपाशी, त्या घरच्या सुनेकडे. बाप लपवतो, भाऊ लपवतो, पण परक्या घरून आलेली सून खरं सांगते अशी समजूत. म्हणजे त्या घडीला माझा शब्द आबांच्या शब्दाहून जड होता. आणि मी काय केलं? मी डोळ्यांना पदर लावला. म्हणाले, भाऊजींनी दिलं. सरबत म्हणून दिलं. मला काय माहीत, मावशी, यात काय ते.

हे भीतीनं बोलले, हे मान्य. घरात कुणी नसताना सून दिराबरोबर पितेय म्हटल्यावर माझी काय गत झाली असती, हे कुणालाही कळेल. पण मावशीनं मग हळू आवाजात विचारलं, 'रोज पेस का तो?'

इथं भीतीचं काही काम नव्हतं. मी सुटले होते. नाही म्हटलं असतं, तिकडची वस्तू, पहिल्यांदाच आणली, म्हटलं असतं, तर मावशी कदाचित रागावून, रडून, शेवटी विसरली असती. मी म्हणाले — रोज.

कुणी माझ्या तोंडात घातलं नव्हतं ते. आणि मान वर केली तर दारात भाऊजी उभा. एका हातात सोड्याच्या दोन बाटल्या, दुसऱ्या हातात थर्मास. त्यानं सगळं ऐकलं होतं. त्यानं माझ्याकडे बघितलं — रागानं नाही, मला काही झालंय का असं बघितलं. मग म्हणाला, 'हो मावशी. वहिनींना ठाऊक नव्हतं. मीच दिलं.'

मावशीनं साखरेचे हार परत पिशवीत घातले. जाताना माझ्या डोक्यावरून हात फिरवला, जपून राहा म्हणाली. मला.

आबा संध्याकाळच्या बसनं आले तोवर बातमी गल्लीच्या तोंडापर्यंत पोचली होती. ते ओरडले नाहीत. बॅग घेऊन जा, एवढंच म्हणाले. ह्यांनी तर भावाकडे बघितलंही नाही. तो तेच एक वाक्य परत बोलला, वहिनींना ठाऊक नव्हतं, आणि पायांत चपला घालून निघाला. मी दाराआड उभी होते. तोंड उघडायला कितीसा वेळ लागतो?  न उघडलेली बाटली दुसऱ्या दिवशी मी मोरीत ओतली, फेस बराच वेळ विरत नव्हता.

तुम्हाला वाटत असेल, संपलं. संपलं नाही. एवढंच असतं तर कदाचित मी कधीतरी सांगूनही टाकलं असतं.

नवव्या दिवशी इनलँड पत्र आलं. माझ्या नावानं. शैलाचं. अक्षर सुंदर होतं तिचं. तिनं लिहिलं होतं — वहिनी, मावशी सांगते ते माझ्या मनाला पटत नाही. त्यांनी स्वतः मला बोटीवरचं सगळं सांगितलं आहे, बाटल्यांचंही. तुम्ही त्या घरात राहता, तुमच्यावर माझा विश्वास आहे. खरं असेल तर उत्तर देऊ नका, मी समजून घेईन. खोटं असेल तर फक्त 'थांब' एवढं लिहा. मी थांबेन.

एक शब्द. कार्ड घरात होतं, पोस्टाची पेटी गल्लीच्या तोंडाशी. भाजी आणायला मी रोज तिच्यावरून जायची. पंधरा दिवस मी त्या पेटीवरून गेले. मला वाटायचं, लिहिलं तर सगळं उलगडेल, आबा मला माहेरी पाठवतील, मुलं — असं बरंच काही. आणि त्याच्याही खाली, तळाशी, ती या घरात यायला नको होती मला. पाट ओढून तो तिच्यापाशी बसला असता ना. तो तर घर सोडून गेलाच होता, मग तो एक शब्द कशासाठी अडवून धरला मी? मला सांगता येत नाही.

आखाजीनंतर शैलाचं लग्न यावलच्या एका केळीच्या बागाईतदाराशी झालं. आबांनी ते मला जेवताना सांगितलं आणि भाजी मागितली. मी वाढली.

भाऊजी आता नाही. परमुलखातल्या कुठल्याशा बंदरात आजारी पडला, तिथंच गेला. लग्न त्यानं केलंच नाही. त्याच्या आधी फक्त एकदा तो घरी आला होता, आबा गेले तेव्हा, आठ वर्षांनी. केस पिकले होते. तेराव्यापर्यंत राहिला, ह्यांच्याशी कामापुरतं बोलला, मुलांना चॉकलेटं दिली. मला एका शब्दानं काही म्हणाला नाही. माझ्या मुलीला सांगत होता, तुझी आई मेथीचे लाडू फार छान करते.

निघायच्या सकाळी तो स्वयंपाकघरात आला. पाट ओढला आणि बसला, पूर्वीसारखा. मी भाकरी थापत होते.  मग म्हणाला, 'वहिनी, झालं गेलं जाऊ द्या. एकच सांगा. तेव्हा तिनं काही विचारलं नाही का हो? एखादी चिठ्ठी तरी?'

पत्र मागच्या खोलीतल्या माझ्या कपाटात, शालूच्या घडीत होतं. चार पावलांवर. हात पिठाचे होते, धुवून काढून दिलं असतं तरी चाललं असतं.

मी म्हणाले, 'नाही.'

तो मान हलवत उठला. म्हणाला, मग बरं झालं, तिला त्रास नाही झाला. पाट भिंतीला उभा करून ठेवला आणि बसस्टँडवर गेला. पत्र अजून शालूच्या घडीतच आहे.