कणकेचा अमोनिया

जाऊबाई आज सकाळी गेल्या.
त्यांनी माझ्या मुलीवर करणी केली, असं मी एकेकाळी ठाम मानलं होतं.

आमचं मनीषनगरचं घर एकच. त्या खाली, आम्ही वर. पाण्याच्या मोटरवरून बोलचाल बंद.

त्या कॉलेजात केमिस्ट्री शिकवून रिटायर झालेल्या. माझी रेवा बारावीत, नेमकी केमिस्ट्रीतच नापास होत होती. तरी मी तिला बजावलं होतं, खाली पाय ठेवायचा नाही.

अमावस्येला तिच्या खिडकीत कणकेचा गोळा दिसला.
निळीत रंगवलेला. त्यात खराट्याच्या तीन काड्या खोचलेल्या, प्रत्येकीच्या टोकाला पांढरी गोळी.

पोळीभर कणीक वाया गेली, हे नंतर सुचलं. आधी अंगावर काटा आला.

मीठ-मोहऱ्या ओवाळून टाकल्या. मग डोकं चाललं. कपड्यांना अजून नीळ देणारं घरात एकच माणूस.

तडक खाली गेले. स्वयंपाकघरात रेवा बसलेली, हात कणकेने भरलेले.
म्हणजे माझ्यामागे काहीतरी चालूच होतं.

"काय करून राहिल्या तुम्ही माझ्या पोरीले?"

जाऊबाई उठल्याही नाहीत. "अमोनिया शिकवून राहिली. बस वं, तुलेही शिकवते."

बसले. शिकायला नाही, पाळत ठेवायला.

निळा गोळा नायट्रोजन, पांढऱ्या गोळ्या हायड्रोजन. नायट्रोजनजवळ बाहेरचे पाच इलेक्ट्रॉन. तिघांची हायड्रोजनशी भागीदारी, दोन स्वतःजवळच. रेवा काड्या सपाट खोचायची, पंख्याच्या पात्यांसारख्या. तिथेच मार्क जायचे. ती उरलेली जोडी वरून रेटते, म्हणून तिन्ही काड्या खाली झुकतात, तिपाईच्या पायांसारख्या.

मी म्हटलं, जोडी तर दिसतच नाही, कशावरून आहे?

"रोज देवापुढे बसतेस, तिथं इचारतेस काय?"

रेवा हसली. मी नाही.
पण उठलेही नाही.

परीक्षेपर्यंत रोज तिथे बसून भाजी निवडली. पाण्यात अशा दोन जोड्या रेटतात, मिथेनमध्ये एकही नाही म्हणून चारही हायड्रोजन सारखे पांगतात, हे मॅट्रिकवाल्या मलाही पाठ झालं.
रेवा पास झाली.

मग जाऊबाई वर येऊ लागल्या. चहा घ्यायच्या, बसायच्या, जायच्या.
मी दर वेळी विचारायचे, काम काय होतं? वाटायचं, आता मोटरचं काढतील.
"सांगीन," म्हणायच्या.

मागच्या आठवड्यातही आल्या. धाप लागलेली, तरी जिना चढून. चहा घेतला, बसल्या, गेल्या.

काम काहीच नव्हतं, हे आज समजून राहिलं.

जाऊबाई, देव तुम्हाला आपल्याजवळ बसवो.
धाकट्या जावेचा नमस्कार.